कोरड्या बागेचा कानोसा

घायपात सडवणं हे येरागबाळ्याचं काम नाही. हे झाड माळावर, मुरमात, दगडाच्या फटीत वाढतं. गुरं त्याला तोंड लावत नाहीत, आणि सगळं शिवार करपून गेलं तरी ते आपले भाले रोखून उभं असतं. अशी तीन घायपातं आटपाडीच्या शिक्षक कॉलनीतल्या सात नंबरच्या बंगल्यात दीड महिन्यात सडली. तीही ऐन चैत्रात.

उज्ज्वलाने तिसऱ्या घायपाताच्या बुंध्याला बोट लावून पाहिलं. बोट आत गेलं. तिने ते साडीच्या पदराला पुसलं आणि व्हरांड्याकडे वळली.

"कुणी पाणी घातलं?"

तिचा नवरा रणजित वर्तमानपत्रामागून म्हणाला, "मी नाही." शेजारच्या खुर्चीत तिचे वडील, तात्या, बसले होते. त्यांनी वर पाहिलं, आभाळात ढगाचा पत्ता नव्हता तरी बराच वेळ पाहिलं, आणि म्हणाले, "यंदा ऊन लई हाय."

उज्ज्वला कॉलेजात वनस्पतीशास्त्र शिकवायची. पन्नाशीची, चष्म्याची, आणि चुकीच्या उत्तराला अर्धा गुणसुद्धा न देणारी. गेली बारा वर्षं ती लोकांना घरापुढे कमी पाण्याची बाग कशी करावी ते सांगत होती, आणि लोक माना डोलावून घरी जाऊन लॉन लावत होते. शेवटी कायदाच आला. माणशी दिवसाला ऐंशी लिटर पाणी, आणि ज्यांच्या घराला अंगण आहे त्यांना अंगणापुरतं आठवड्याला दीडशे लिटर वेगळं. अंगण उघडं ठेवायचं नाही, कारण उघड्या जमिनीने गाव तापतं आणि धूळ उडते. अंगणात जिवंत झाडं हवीत. झाडं मेली तर दीडशे लिटर बंद.

आता या दीडशे लिटरात उज्ज्वलाचा जीव का अडकला होता, हे आधी सांगायला हवं.

तात्या लिंगवाडीचे. तीस वर्षं त्यांनी पाण्याचा टँकर चालवला. उज्ज्वलाची आई गेल्यावर ते वाडीत एकटे राहत होते. मग वाडीत नऊच घरं उरली, आणि चाळीस घरांच्या खालच्या वस्त्यांना टँकर मिळणार नाही असा नियम निघाला. ज्याने जन्मभर टँकर चालवला त्याच्याच दारात टँकर येईना. उज्ज्वला गेली आणि भांडून त्यांना घेऊन आली. पण माणशी ऐंशी लिटर मिळतात ती नोंदलेल्या माणसाला, आणि नोंद व्हायला त्या गावात वर्षभर राहावं लागतं. म्हणजे वर्षभर तात्या घरात असणार आणि पाण्याच्या कागदावर नसणार.

उज्ज्वलाने तेव्हा जे केलं ते ती कुणाला सांगायला तयार नव्हती. तिने आपली बाग उपटली. मोरीच्या पाण्यावर माजलेलं अळू, सासूने लावलेला मोगरा, दोन जास्वंदी, सगळं. त्या जागी तिने अशी बाग आखायला घेतली की जी आठवड्याला वीस लिटरवर जगेल. उरलेले एकशेतीस तात्यांचे. बाग जगली तर तात्या राहतील, बाग मेली तर तात्या परत वाडीला जातील, इतकं ते सरळ होतं. हे फक्त रणजितला माहीत होतं. तात्यांना सांगितलं असतं तर त्यांनी त्याच दिवशी पिशवी उचलली असती. लेकीच्या घरी भार होऊन राहायचं नाही, हे त्यांचं ब्रीद होतं. जग बदललं म्हणून ब्रीद बदलावं असं त्यांना कधी वाटलं नाही.

बाग आखायला तिला महिना लागला. तीस फूट बाय वीस फुटांच्या तुकड्याचे तिने कागदावर तीन भाग केले. कडेला एक थेंबही न लागणारी झाडं, मधे महिन्यातून एकदा पाणी लागणारी, आणि दाराजवळ थोडी लाडाची. दोन फूट काळी माती उकरून काढली, कारण काळी माती पाणी धरून बसते आणि अशा झाडांची मुळं त्यात कुजतात. तिथे मुरूम, जाड वाळू आणि फुटकी कौलं भरली. पश्चिमेला मोठे दगड असे ठेवले की दुपारनंतर त्यांची सावली बुंध्यांवर पडावी. लाडाच्या झाडांशेजारी कच्ची मडकी गळ्यापर्यंत पुरली, म्हणजे त्यांतून पाणी झिरपत राहील. मग घायपातं लावली, निवडुंग लावले, शेर, कोरफड, एक हिवर, आणि नवरात्रात पिवळी फुलं देणारा तरवड. एकूण अकरा झाडं.

"दारात काटे लावलेस?" भिंतीपलीकडून पाटोळेकाकू म्हणाल्या. "घरात भांडणं होतात अशानं."

"ती आधीपासून होतात, काकू," उज्ज्वला म्हणाली.

आणि मग कानोसा आला.

झाडाला हृदय नसतं, पंप नसतो. तरी मुळाशी असलेलं पाणी शेंड्यापर्यंत चढतं. पानांतून वाफ उडते, ती मागचं पाणी ओढते, त्यामागचं पाणी ते ओढतं. केसाहून बारीक नळ्यांमध्ये मुळापासून पानापर्यंत पाण्याची एक ताणलेली दोरीच असते म्हणा ना. जमीन कोरडी पडली की दोरीवरचा ताण वाढतो, आणि एका क्षणी ती तुटते. नळीत हवेचा बुडबुडा शिरतो आणि आवाज होतो. हा आवाज आपल्या कानाच्या पट्टीच्या कितीतरी वरचा, त्यामुळे हजारो वर्षं माणसं तहानेल्या झाडांशेजारी बसून झाडं किती शांत असतात अशा कविता करत राहिली.

कानोसा म्हणजे हरभऱ्याएवढी एक चकती. ती खोडाला चिमटीसारखी बसवायची. ती हे तुटण्याचे आवाज मोजते, ठरावीक आकडा झाला की ठिबकची तोटी आपोआप उघडते, आणि महिन्याला पाणीखात्याला कळवते की या अंगणातली झाडं जिवंत आहेत. मेलेल्या झाडातून आवाज येत नाही, तेव्हा खोटं बोलायची सोय नाही. इथपर्यंत सगळं उत्तम होतं. उज्ज्वलाने स्वतः कॉलनीच्या बैठकीत उभं राहून त्याची भलामण केली होती.

पण बनवणाऱ्यांपैकी कुणाला तरी वाटलं की लोकांनाही झाडाचं बोलणं ऐकू यावं. म्हणून त्यांनी व्हरांड्यात लावायची एक डबी दिली. ती तो आवाज खाली उतरवून आपल्या कानाला ऐकवायची. टक्. थोड्या वेळाने पुन्हा टक्.

उज्ज्वलाने बैठकीत नीट समजावलं होतं. टोमॅटोचं रोप तासाला तीस-चाळीस वेळा वाजलं तर त्याला पाणी हवंय. पण वाळवंटातल्या झाडांचं तसं नाही. दिवसाला वीस-पंचवीस टक् म्हणजे ते मजेत आहे. ताणावरच त्याची मुळं खोल जातात, ताणावरच ते जगतं. ते वाजायलाच हवं. सगळ्यांनी माना डोलावल्या.

महिनाभराने कॉलनीतल्या चाळीस घरांत पाणी दीडपट खर्च झालं होतं.

कारण शास्त्र कानापर्यंत पोचतं आणि संस्कार त्याच्या आधीच येऊन बसलेला असतो. या मुलखात दारात वैरी आला तरी आधी तांब्या पुढे करतात आणि मग भांडतात. कुणी पाणी मागितलं आणि आपण नाही म्हटलं, असं इथल्या माणसाच्या हातून होत नाही. आता अख्खं अंगण पाणी मागत होतं. टक्, टक्, टक्. लोक अंथरुणातून उठून झाडांना पाणी पाजून येऊ लागले. चार नंबरच्या गुरुजींनी कोरफडीला आधी लिंबूपाणी आणि मग ओआरएससुद्धा दिलं. पाणीखात्याने पत्रक काढलं की टक् हा आवाज म्हणजे मागणी समजू नये. ते पत्रक लोकांनी वाचलं आणि वाचता वाचता एक पेला निवडुंगाला ओतला.

उज्ज्वलाने पहिल्या आठवड्यातच डबी बंद करायचं ठरवलं होतं. तात्याच म्हणाले, "ऱ्हाऊ दे. दिसभर तुमी कामावर. तेवढाच आवाज सोबतीला." त्यांची खाट व्हरांड्याच्या खोलीत होती. तिला दया आली आणि तिने डबी चालू ठेवली.

पहिलं घायपात सडलं तेव्हा चोर लगेच सापडला. पाणी एक दिवसाआड यायचं, आणि त्या सकाळी पाटोळेकाकू भिंतीवरून बादली उलटी करताना दिसल्या.

"काकू, हे काय?"

"परवाचं होतं गं, शिळं," काकू म्हणाल्या. "ताजं आलंय ना आता. म्हटलं मोरीत ओतण्यापेक्षा तुझ्या झाडांना तरी. बिचारी कालपासून टाहो फोडतायत."

"पाणी शिळं होत नाही, काकू."

"तुमच्या पुस्तकात नसेल होत."

उज्ज्वला यावर पाच मिनिटं बोलली. पाणी हे कोट्यवधी वर्षांपूर्वीचंच असतं, दोन दिवसांनी त्याला काही होत नाही, डायनोसॉर प्यायले तेच आपण पितो. काकूंनी शांतपणे ऐकलं आणि त्या दिवसापासून डायनोसॉरचं उष्टं पाणी गाळून घ्यायला सुरुवात केली. पण भिंतीवरून बादली येणं थांबलं.

दुसऱ्या घायपाताच्या वेळी रणजित सापडला. दूध संघाच्या कचेरीतून आल्यावर तो पाण्याच्या बाटलीत उरलेलं पाणी रोज निवडुंगात आणि घायपातात वाटून टाकत होता.

"तुला सगळं माहीत असून?" उज्ज्वला म्हणाली. आवाज तिने खाली ठेवला, कारण तात्या आत होते. "ही बाग कशासाठी केली ते तुला माहीत आहे. मेली तर काय होईल ते माहीत आहे."

"दोन घोट होते गं. फाटक उघडलं की वाजतंच ते. मला कसंसंच होतं."

"मलाही होतं. म्हणून मी ओतते का?"

रणजितने शपथ घेतली. तो शपथा पाळणारा माणूस होता, हे तिला पंचवीस वर्षांच्या अनुभवाने माहीत होतं. म्हणूनच तिसरं घायपात सडलं तेव्हा तिचं डोकं चालेना.

तिने मुरमात ओल मोजायचा काटा खोचून पाहिला. रोज जवळजवळ दोन लिटर पाणी जास्तीचं जात होतं. नळाचा मीटर पाहिला, तो बरोबर होता. ठिबकच्या नळ्या तपासल्या, गळती नव्हती. काकूंवर तीन दिवस पाळत ठेवली. घरात जितकं पाणी येत होतं तितकंच खर्च होत होतं, आणि तरी अंगणात दोन लिटर जास्त पडत होतं. आकाशातून पडलं असतं तर गोष्ट वेगळी.

सगळ्या घरात एका तात्यांच्या बाबतीत तिला घोर नव्हता. सकाळी कॉलेजला जाताना ती त्यांच्या खाटेशेजारी छोटी पितळी कळशी भरून ठेवायची. संध्याकाळी कळशी रिकामी असायची. उन्हाळ्यात म्हातारं माणूस पाणी नीट पितंय, म्हणजे मिळवली. तात्यांनी जन्मात कधी कुणाकडे पाणी मागितलं नव्हतं. आई सांगायची, हे टँकर घेऊन दिवसभर फिरून येतील, ओठ फुटलेले असतील, पण पाणी दे म्हणायचे नाहीत. पुढे ठेवलं तर पितील. म्हणून ती पुढे ठेवायची.

रविवारी जेवताना तिचा संयम सुटला.

"अकरातली तीन गेली. दोन निवडुंग पिवळे पडलेत. बावीस तारखेला तपासणी आहे. निम्म्याहून जास्त झाडं वाजली नाहीत तर अंगणाचं पाणी बंद. मी महिनाभर खपून बाग आखली, हातांनी दगड वाहिले, आणि इथे कुणाला चमचाभर पाणी हातात घेतल्याशिवाय चैन पडत नाही. या घरात एक थेंब जास्तीचा नाही. एक थेंब. हे कुणाला कळत कसं नाही?"

रणजित भाताकडे बघत राहिला. तात्यांनी हातातला पेला अलगद खाली ठेवला. तो अर्धा भरलेला होता. त्यांनी हात धुतला तोही पेल्यातल्याच पाण्याने, आणि उठून व्हरांड्यात गेले. उज्ज्वलाला वाटलं, तात्यांना तरी पटलं. तेवढंच बरं वाटलं तिला.

पुढच्या शनिवारी कॉलेज लवकर सुटलं. ऊन असं होतं की डांबर चपलेला चिकटत होतं. ती साडेबाराला फाटक उघडून आत आली आणि आधी तिला कळशी दिसली. ती दगडांमध्ये आडवी पडली होती, आणि चौथ्या घायपाताच्या बुंध्याशी मुरूम ओलाचिंब झाला होता. उज्ज्वलाच्या अंगाचा तिळपापड झाला. "आता मात्र हद्द झाली," असं ती मोठ्याने म्हणालीसुद्धा. मग तिला दगडापलीकडे तात्यांचे पाय दिसले.

ते भिंतीला टेकून बसले होते. टोपी खाली पडली होती. ओठ राखेसारखे पांढरे झाले होते.

"मागत हुतं गं ते," ते म्हणाले. "सकाळधरनं."

दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरणीने तात्यांच्या हाताची कातडी चिमटीत धरून सोडली. ती साडीच्या निरीसारखी उभीच राहिली. तिने सलाईन लावायला सांगितलं आणि उज्ज्वलाला विचारलं, "दिवसाला पाणी किती पितात?"

उज्ज्वलाला तरवडाचं माहीत होतं, आठवड्याला दीड लिटर. हिवराचं माहीत होतं. अकराही झाडांचं थेंबाच्या हिशेबाने तोंडपाठ होतं. वडिलांचं तिला माहीत नव्हतं. स्वतःची इतकी लाज तिला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

"मूत्रपिंडांवर ताण आलाय," डॉक्टरीण म्हणाली. "दोन-तीन आठवडे तरी हे असंच चाललेलं असणार. घरात कुणाच्या लक्षात आलं नाही?"

दुसऱ्या दिवशी सकाळी तात्यांच्या तोंडावर थोडी रया आली. उज्ज्वला खाटेशेजारच्या स्टुलावर बसली होती. रागवायचं नाही असं तिने रात्रभर ठरवलं होतं, आणि तोंड उघडलं ते रागवायलाच.

"दोन लिटर, तात्या. रोज. कळशीतलं."

"मंग कुणाच्यातलं घालायचं? तुमच्यातलं कसं घालणार? माज्या वाटणीचं मी घातलं."

"आणि पीत काय होता?"

"च्या असतोय की दोनदा."

उज्ज्वलाने कपाळावर हात मारून घेतला.

"आगं, आयिक," तात्या म्हणाले. "तीस वरीस टँकर चालवला. वाडीवर गेलं की घागरी वाजायच्या. बायका घागरीवर घागर आपटायच्या, आमचं ऱ्हायलंय, आमचं ऱ्हायलंय म्हनून. शेवटची घागर भरल्याबिगार म्या कदी पाईप गुंडाळला न्हाई. आन् त्यातलं पानी म्या कदी प्यालो न्हाई. आता तुजी झाडं माज्या कानाशी टकाटका वाजत्यात, आन् म्या खुर्चीत बसून तांब्या तोंडाला लावू? उतरंना गं घशाखाली."

"ती मागत नाहीत, तात्या. ती तशीच वाजतात. किती वेळा सांगितलं."

"तू सांगितलंस. आन् तूच म्हनलीस की जेवताना, घरात थेंब जास्तीचा न्हाई. मला तोंड हाय, मी परत वाडीला जाऊन काय बी करीन. झाडानं कुटं जायचं?"

उज्ज्वलाला तो रविवार आठवला, खाली ठेवलेला अर्धा पेला आठवला. मग तिच्या तोंडून सगळंच बाहेर आलं. कागदावर नसलेलं नाव, आठवड्याचे दीडशे लिटर, त्यातले वीस बागेला आणि एकशेतीस त्यांना. मोगरा उपटला तो का, अळू काढलं ते का.

तात्या छताकडे बघत ऐकत होते.

"म्हंजी तू बाग वाळवलीस माज्यासाठी," ते म्हणाले. "आन् मी मरत हुतो बागंसाठी."

"वाळवली नाही. कमी पाण्याची केली."

"आन् हे आधी सांगाया तुज्या तोंडाला काय झालं हुतं?"

"सांगितलं असतं तर संध्याकाळच्या एसटीने गेला असता."

"गेलोच असतो."

"म्हणूनच नाही सांगितलं."

"येडी हायेस," तात्या म्हणाले.

"तुमचीच आहे," उज्ज्वला म्हणाली, आणि डोळे पुसायला तिने चष्मा काढला. तात्यांनी सलाईन नसलेला हात पुढे करून तिचा चष्मा धरून ठेवला, तिचं पुसून होईपर्यंत.

दवाखान्यात सहा दिवस गेले. त्या सहा दिवसांत सात नंबरच्या बागेकडे कुणी फिरकलं नाही. काकूंना रणजितने हात जोडून सांगितलं होतं, आणि स्वतः तो फक्त झोपायला घरी जायचा, तोही मागच्या दाराने, टक् ऐकू येऊ नये म्हणून. बागेची आजवर कुणी घेतली नव्हती इतकी चांगली काळजी त्या सहा दिवसांत घेतली गेली, कारण कुणीच काळजी घेतली नाही. घरी आल्यावर उज्ज्वलाने पाहिलं, तर पिवळ्या निवडुंगांच्या कडा पुन्हा हिरव्या झाल्या होत्या. चौथं घायपात मुळाशी थोडं मऊ होतं, पण उभं होतं.

बावीस तारखेला तपासणीला एक घामेजलेला माणूस आला. तो डबीला आपलं यंत्र जोडून तासभर व्हरांड्यात बसला. अकरापैकी आठ झाडं वाजली. त्याने तसं लिहून घेतलं आणि निघताना सवयीने हातातल्या बाटलीतलं उरलेलं पाणी कोरफडीत ओतायला वाकला. "ए," तात्या खुर्चीतून म्हणाले, तीस वर्षं घागरींच्या गर्दीवर चालवलेल्या आवाजात. तो माणूस तसाच सरळ झाला.

उज्ज्वलाने त्या दिवशी डबी काढायला स्टूल घेतलं. तात्या नको म्हणाले.

"वाजू दे. आता ठावं झालंय मला. जित्ती हायेत म्हनून वाजत्यात."

तात्यांच्या बाबतीत मात्र तिचा आता कशावरच भरवसा नव्हता. ती दर तासाला पेला भरून समोर उभी राहायची आणि घोट मोजायची. रिकाम्या कळशीवर ती पुन्हा कधी विश्वास ठेवणार नव्हती. तात्या पीत होते, पण औषध घ्यावं तसं, तिच्या धाकाने. समोर ठेवलं तर पीत होते, नाहीतर नाही. ती कॉलेजात असताना काय करत असतील या विचाराने तिचं तासावर लक्ष लागत नसे. एकदा पोरांना तिने प्रकाशसंश्लेषणाच्या जागी भलतंच काहीतरी शिकवलं. एवढ्या मोठ्या माणसाला पाणी माग म्हणून कसं शिकवायचं, हे कुठल्याच पुस्तकात नव्हतं.

वैशाखातल्या एका दुपारी ती आत उत्तरपत्रिका तपासत बसली होती. चौतीस पेपर झाले होते, सत्तर उरले होते, आणि एका मुलाने लिहिलं होतं की झाडांना तहान लागली की ती आवाज करून माणसांना बोलावतात. ती लाल पेन त्यावर टेकवणार तेवढ्यात व्हरांड्यातून हाक आली.

"उजे."

"काय आहे?"

"पानी दे गं."

उज्ज्वलाने मान वर केली. पाऊण तासापूर्वीच तिने तांब्या भरून त्यांच्या हाताशी ठेवला होता. ती पेन तसंच हातात धरून व्हरांड्यात आली. तांब्या जागेवर होता, काठोकाठ भरलेला, वर पेला पालथा घातलेला. तात्यांचा हात त्यापासून वीतभरही लांब नव्हता.

"हे काय आहे मग?" ती म्हणाली.

"ते सकाळचं हाय," तात्या म्हणाले. "शिळं झालंय. ताजं आन. माठातलं."

पाणी शिळं होत नाही, हे वाक्य उज्ज्वलाच्या ओठांवर आलं होतं. डायनोसॉरही आले होते. अंगणात तरवड एकदा टक् वाजला, मग निवडुंग वाजला, आणि तात्या त्यांच्याकडे ढुंकूनही न पाहता तिच्याकडे बघत होते, पाण्याची वाट बघणारा माणूस बघतो तसे.

तिने तांब्या उचलला, तिथेच उभ्या उभ्या ते पाणी स्वतः पिऊन टाकलं, आणि माठातलं आणायला आत गेली.